ख्रिस्ती माणूस प्रार्थना कशासाठी करतो?

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस भाविकांच्या घरोघरी गीतेचे पारायण होते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नाताळ येतो. एका शेजारी अठरा अध्याय, दुसऱ्या शेजारी येशूजन्माची उपासना, असा हा काळ. परंतु अलीकडे याच शेजाराला संशयाची झळ लागली आहे. एखाद्या घरी ख्रिस्ती प्रार्थनासभा भरली की गल्लीत कुजबुज सुरू होते, ‘ही प्रार्थना, की धर्मांतराची पूर्वतयारी?’ फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सक्तीच्या व फसवणुकीच्या धर्मांतराविरुद्ध उपाय सुचविण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा ही चर्चा अधिकच वाढली. कायद्याची कलमे विधिमंडळाने व न्यायालयाने पाहावीत. आम्हा कीर्तनकारांपुढील प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मुळात ख्रिस्ती माणूस प्रार्थना कशासाठी करतो? हे ठाऊक नसेल, तर खरी प्रार्थना कोणती आणि आमिष कोणते हे आपण ओळखणार कसे?

येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना सर्व पंथांच्या ख्रिस्ती लोकांत ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणून म्हटली जाते. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. आरंभी भक्त स्वतःसाठी काहीच मागत नाही. पित्याचे नाम पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा पूर्ण व्हावी, एवढेच म्हणतो. मग भाकर मागतो, तीही केवळ आजच्यापुरती. पुढे क्षमा मागतो. पण आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, हे त्याच श्वासात कबूल करून. शेवटी वाइटापासून रक्षण मागतो. संस्कृतच्या अभ्यासकाला यात आणखी एक गोष्ट जाणवते. ही सारी प्रार्थना अनेकवचनी आहे. ‘मला’ असा शब्द तीत नाही; ‘आम्हांला’ आहे. आपल्या गायत्री मंत्रातही उपासक ‘माझी बुद्धी’ म्हणत नाही. ‘आमच्या बुद्धी’ म्हणतो. एकट्याने उच्चारावी, परंतु सर्वांसाठी मागावे, ही खूण दोन्हींकडे सारखीच.

दुसरा प्रसंग गेथसेमाने बागेतील. मरण समोर उभे असता येशूने हा प्याला टळावा अशी याचना केली, आणि लगेच आपली नव्हे, पित्याची इच्छा होवो असे म्हटले. प्याला टळला नाही. दुसऱ्याच दिवशी क्रूस आला. म्हणजे मागणे मान्य झाले नाही, पण प्रार्थना व्यर्थ गेली नाही. कारण तिने मरणाला सामोरे जाण्याचे धैर्य दिले. ख्रिस्ती जीवनातील प्रार्थनेचे प्रयोजन याहून स्पष्ट कोठे सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. देवाचे मन आपल्याकडे वळविणे हे तिचे प्रयोजन नव्हे. आपले मन देवाकडे वळविणे, हे आहे.

आता आपल्याच इतिहासातील एक प्रकरण पाहू. पंडिता रमाबाई या पुराणिकाच्या कन्या, स्वतः संस्कृतच्या विदुषी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; १८८९ मध्ये मुंबईत विधवा व निराधार मुलींसाठी ‘शारदा सदन’ काढले, आणि पुढे ते पुण्यास नेले. सदनात धर्मोपदेश होणार नाही, असे अभिवचन होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. यावरून पुण्यात काहूर उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सारा वाद एका उघड्या दाराचा! टीकाकारांची चिंता पोकळ नव्हती. आश्रयाला आलेल्या अनाथ मुलीचे मन आश्रयदात्याकडे झुकते, ही गोष्ट खरीच आहे. पण घरच्या बाईने आपल्याच खोलीत देवाचे नाव घेताना दार लावून घ्यावे, ही अपेक्षाही सोपी नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाईंनी मध्यप्रांतात जाऊन उपासमारीने मरू घातलेल्या स्त्रिया व मुली केडगावला आणल्या. त्यांच्या मतांतराविषयी कोणी काहीही म्हणो. त्यांच्या प्रार्थनेतून हे हात निघाले, हे नाकारता येणार नाही.

उघड्या दाराच्या या पेचाला नालवाडीच्या परिसराने वेगळे उत्तर दिले. वर्ध्यालगतच्या या वस्तीत विनोबा १९३२ च्या अखेरीस राहावयास आले. पुढे जवळच सेवाग्रामात गांधीजींच्या प्रार्थनेत उपनिषद, कुराण व ख्रिस्ती भजन एकाच आसनावर आले. ख्रिस्ती कवी न्यूमन यांचे प्रकाशाची याचना करणारे गीत गांधीजींना फार प्रिय होते. धर्मांतराच्या खटाटोपाला त्यांचा स्पष्ट विरोध होता. तरी ख्रिस्ती प्रार्थनेला त्यांनी दार लावले नाही. ‘गीताई’ लिहिणाऱ्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केले. आणि ही प्रार्थना शब्दांपुरती राहिली नाही. नालवाडीजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री महारोगाने पीडित होऊन सेवाग्रामास आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळीत. सायंकाळची प्रार्थना खरी की खोटी, हे दिवसा त्या हातांवरून कळत असे.

यावरून आजच्या वादाला एक कसोटी मिळते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचे आचरण व प्रसार यांचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावताना दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही असे सांगितले. म्हणजे प्रार्थना निराळी आणि आमिष निराळे. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्यासाठी देवाला आळविणे ही प्रार्थना. ‘धर्म बदल, म्हणजे रोग जाईल’ असा सौदा मांडणे हे प्रार्थनेचे सोंग. आणि असा सौदा प्रथम ठरतो तो येशूच्याच शिकवणीला विसंगत. कारण लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना न करता दार लावून एकांतात करावी, असे त्यानेच सांगितले आहे.

मात्र हीच कसोटी आपल्या देव्हाऱ्यालाही लावली पाहिजे. भगवंताने गीतेत आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी व ज्ञानी असे चार भक्त सांगितले. आर्ताला त्याने झिडकारले नाही. चौघांनाही उदार म्हटले. पण वाट अर्थार्थ्यापाशी संपत नाही. मुलगा पास झाला तर नारळ, खटला जिंकला तर अभिषेक, एवढ्यावरच आपली भक्ती थांबली, तर शेजाऱ्याच्या सौद्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस कोठून येणार? ज्ञानेश्वर महाराजांनी पसायदानात स्वतःसाठी काय मागितले, हे प्रत्येकाने एकदा मनाशी तपासावे.

वाचकहो, ज्याच्या घरी आजारपणात कोणी विचारपूस करीत नाही, त्याच्या दाराशी कोणाची तरी प्रार्थना येणारच. ती परकी वाटत असेल, तर त्यावर उपाय एकच. त्या दाराशी आपण आधी पोहोचावे. औषध घेऊन, भाकर घेऊन आणि काहीही न मागता. यंदाच्या गीताजयंतीस पारायणाची सांगता झाल्यावर आपल्या आळीतील एका तरी आजाऱ्याचे दार ठोठावावे. तो कोणत्या देवाला हाका मारतो, हे विचारण्याची गरज नाही.