चुलीपुढचा दम

पन्नाशीची बाई पाण्याची कळशी आणताना दोनदा थांबते, पहाटे खोकून खोकून बेजार होते, तेव्हा तुम्ही काय म्हणता? "वय झालं आता." फार तर क्षयाची शंका घेऊन थुंकी तपासायला देता. त्यात काही निघाले नाही की विषय संपला. तिने जन्मात विडी ओढलेली नसते. पण तीस-पस्तीस वर्षे ती चुलीपुढे बसली आहे, हे कुणी धरतच नाही.

लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या जळताना धुरातले अतिबारीक कण फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत जातात. नळ्या सुजतात, आकसतात आणि आत घेतलेला श्वास पुरता बाहेर पडत नाही. डॉक्टर याला सीओपीडी म्हणतात. आकसलेल्या नळ्या पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. तोंडातून ओढायच्या औषधाने दम कमी होतो, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात ३२ लाख बळी घेतले.

"उज्ज्वलाची शेगडी आलीय की," असे तुम्ही म्हणाल. २०१६ पासून ती आली, खरे आहे. पण बऱ्याच घरांत तिच्यावर चहा होतो. भाकरी, आंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण चुलीवरच. टाकीला रोख पैसे लागतात, सरपण शेतात फुकट मिळते. फुकट म्हणजे, ते वेचून डोक्यावर आणणाऱ्या बाईची मजुरी धरली नाही तर! म्हशीच्या पेंडीला पैसे निघतात, मग टाकीलाच का निघत नाहीत?

निर्धूर चुलीही पूर्वी सरकारने वाटल्या. धुराडी काजळीने तुंबली, साफ कुणी केली नाहीत, आणि २००२ मध्ये तो कार्यक्रमच गुंडाळला गेला.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी. तिशीपुढच्या माणसांची माहिती आशाताई ज्या अर्जात भरतात, त्यात स्वयंपाकाला कोणते जळण वापरता हा प्रश्न असतो. त्या उत्तरांचे पुढे काय झाले, धाप लागणाऱ्या किती बायांची फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी झाली, हे ग्रामसभेत विचारा. चूल सुटतच नसेल तर ती निदान बाहेर सपराखाली न्या, आणि तान्हे लेकरू मांडीवर घेऊन फुंकणी फुंकू देऊ नका. धुराने लहानग्यांना न्यूमोनिया लवकर धरतो. घरकुलाच्या पाहणीला जाल तेव्हा स्वयंपाकाच्या जागेला खिडकी आहे का, धूर जातो कुठे, एवढे बघून मग सही करा.