नुसती रडारड नव्हे!

जुने कौटुंबिक हॉलिवूडपट म्हणजे नुसती रडारड, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मुळीच पटले नाही. डग्लस सर्कचा 'ऑल दॅट हेवन अलाउज' (१९५५) घ्या. विधवा कॅरी वयाने लहान असलेल्या माळ्याच्या प्रेमात पडते. गाव नावे ठेवते. घराण्याचे घर जाईल म्हणून मुलगा आकांडतांडव करतो. ती माघार घेते. नाताळात तोच मुलगा घर विकायची गोष्ट काढतो आणि आईला सोबत म्हणून टीव्ही आणतो! त्याच्या बंद पडद्यात कॅरी साकारणाऱ्या जेन वायमनचा चेहरा उमटतो. लोकलाजेने माणूस कसा कोंडला जातो, ते एका चौकटीत दिसते. याच चित्रपटापासून प्रेरणा घेऊन दिग्दर्शक फासबिंडरने १९७४ साली 'अली: फिअर ईट्स द सोल' केला. आधी पाहावे, मग शिक्का मारावा.
– एक वाचक