रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरे

रमजानमध्ये आजाऱ्याला रोजातून सवलत आहे. राहिलेले रोजे बरे झाल्यावर ठेवता येतात. मधुमेहाच्या रुग्णाला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला घरचे स्वतःहून सांगतात, यंदा राहू दे. वर्षानुवर्षे अपचनाने हैराण असलेल्या सुनेला मात्र तसे कुणी म्हणत नाही. दोन घासांतच तिचे पोट भरते, जेवल्यावर छातीखाली जडपणा, जळजळ. एंडोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, सगळे नॉर्मल. मग शेरा ठरलेला: "हिच्या मनाचे खेळ!" एकादशी, नवरात्र पाळणाऱ्या घरांनाही हा शेरा नवा नसावा.

डॉक्टर या दुखण्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. यात जठराला जखम किंवा गाठ नसते, बिघाड कामकाजात असतो. आणि ते कामकाज एकट्या पोटाचे नाही. पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू खालची खबर वर नेतात. वरचा हुकूम खाली आणणारे थोडे. अशा रुग्णांच्या मेंदूची एमआरआय आणि पेट स्कॅनने पाहणी झाली, तेव्हा इन्सुला, सिंग्युलेट, थॅलॅमस या भागांचे काम निरोगी माणसांपेक्षा वेगळे चाललेले आढळले. वेदना आणि पोटातली हालचाल पारखणारे हेच भाग. म्हणून इतरांना जो घास जाणवतही नाही, तो यांना दुखतो. 2016 साली तज्ज्ञांनी अशा आजारांच्या गटाला नावच दिले, आतडे आणि मेंदू यांच्या संवादाचे विकार.

आधी पोट बिघडते की मेंदूचे काम, याचा निकाल लागलेला नाही. स्कॅन काढून एखाद्याचे निदानही होत नाही, तेव्हा त्यासाठी खर्चात पडू नये. उपचारात कधी नैराश्यावरची गोळी अगदी कमी मात्रेत देतात. चिठ्ठीवर ती पाहून सासरचे हादरतात. पण ती इथे पोटाच्या नसा शांत करायला असते, वेडाचा दाखला म्हणून नव्हे.

रोजा ठेवायचा की नाही, हे तिने डॉक्टरांना विचारून ठरवावे, शेजारणींना नव्हे. ठेवलाच तर इफ्तारला खजूर-पाण्यानंतर थोडे थांबावे. भज्यांचे ताट कुठे पळून जात नाही. मात्र वजन उतरत असेल, गिळताना अडकत असेल, उलटीत रक्त किंवा काळी शौच दिसली, तर ईदची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.