वर्ध्याच्या पायवाटा कोणाच्या?

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांपैकी जिंजी तमिळनाडूतला. उरलेले अकरा महाराष्ट्रातले, आणि त्या अकरांत विदर्भातला एकही नाही. यात कोणावर अन्याय झाला असे म्हणण्याचे कारण नाही, कारण गाविलगड-नरनाळ्याचा इतिहास निराळा आहे. परंतु पायी भटकंती म्हणजे सह्याद्री हे जे समीकरण आपल्या मनात आधीच पक्के झालेले आहे, त्याच्यावर आता जागतिक शिक्कामोर्तब झाले. वर्ध्याचा विद्यार्थी रात्रभर आगगाडीत अवघडून रायगड-राजगड पाहायला जातो. फार तर चिखलदऱ्यापर्यंत पोहोचतो. आपल्याच जिल्ह्यात चालत जावे असे काही आहे, हे त्याला शाळेत कोणी सांगितलेले नसते.

आणि हा जिल्हा कोणता? ज्याची ओळखच चालण्यातून घडली तो. 1930 साली गांधीजी दांडीकडे निघाले तेव्हा स्वराज्याशिवाय साबरमतीच्या आश्रमात परतायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्या पदयात्रेचाच एक परिणाम असा की पुढे त्यांचा मुक्काम वर्ध्यास आला आणि 30 एप्रिल 1936 रोजी ते पायी शेगावला गेले. त्या शेगावचे सेवाग्राम पुढे 1940 मध्ये झाले. मार्च 1951 मध्ये विनोबा याच परिसरातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. वाहनाने जाणे त्यांना अशक्य नव्हते. पण ते चालत गेले म्हणूनच 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. त्यानंतर देशभर फिरून ते पवनारला परतले ते 1964 मध्ये. वर्धा, सेवाग्राम आणि पवनार हा त्रिकोण धडधाकट माणसाला एका दिवसात पायी पुरा करता येण्याजोगा आहे. आज तो करू पाहणाऱ्याने मालमोटारींच्या धुळीतून, डांबराच्या कडेकडेने चालावे लागते. 2020 साली वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले आणि काम थांबवावे लागले. त्या वादात सावलीचा विचार झाला, वारशाचाही झाला. त्या सावलीतून चालायचे कोणी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

जिल्ह्याचा दक्षिण भाग काळ्या मातीचा आणि सपाट. पावसाळ्यात तिथे पायाला चिखलाचे गोळे लागतात आणि वैशाखात सकाळी नऊनंतर बाहेर पडणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. दिवाळी ते होळी हेच खरे चालण्याचे दिवस. उत्तरेकडे, आर्वी, कारंजा आणि सेलू तालुक्यांच्या बाजूला, सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्या उतरतात. गरमसूरचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर; कळसूबाईच्या 1646 मीटरपुढे तो ठेंगणाच म्हणायचा. पण सागाच्या पानगळीतून चढत गेल्यावर फाल्गुनात जो पळस पेटलेला दिसतो आणि मोहाच्या फुलांचा जो वास पहाटे दरीतून वर येतो, त्याची तुलना उंचीशी करायची नसते. याच पट्ट्यातल्या ढग्याला महाशिवरात्रीस भाविकांची रीघ लागते. समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. तिथल्या फरीदबाबांच्या दर्ग्याला हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे बाबांनी दगड केले, अशी आख्यायिका आहे आणि त्या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल खडे खरोखरच सापडतात. भूगर्भशास्त्राच्या शिक्षकाला आणि श्रद्धाळू म्हातारीला एकाच वाटेवर आणणारी अशी जागा सह्याद्रीतही शोधावी लागेल.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण रास्त आहे आणि ती मान्य केली पाहिजे. बोरचे जंगल 1970 मध्ये अभयारण्य झाले आणि 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्प. त्याचे गाभाक्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटरचे; देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. तिथे पायी हिंडू देऊ नये हे योग्यच. परंतु वाघ नकाशा वाचत नाही. 2017 च्या जुलैत ब्रह्मपुरीहून पकडून आणलेली एक वाघीण बोरमध्ये सोडली गेली. ती तिथे थांबली नाही. अडीच महिन्यांत सुमारे पाचशे किलोमीटर चालली, त्या वाटेत माणसांचे बळी गेले आणि ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यातल्या सिंदीविहिरीजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने ती मेली. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी लावलेली असली तार माणसालाही सोडत नाही. तेव्हा जंगलाबाहेरची पायवाट सुरक्षित हवी ही मागणी शहरी हौशी माणसाची नाही. पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईची आणि पांदणीने शाळेत जाणाऱ्या पोराची ती आधी आहे.

दुसरी अडचण आपण निर्माण केलेली आहे. पर्यटनविकास म्हटला की आपल्याकडे प्रवेशद्वार, वाहनतळ, उपाहारगृह आणि फरसबंदी एवढेच सुचते. बोरच्या जंगलात शुल्क भरून जिप्सीतून फिरण्याची सोय आहे. कारकुनाच्या चौघांच्या कुटुंबाला तो खर्च महिन्याच्या अंदाजपत्रकात बसवणे सोपे नाही. चालणे फुकट असते. ज्यातून तिकीट फाडता येत नाही, त्याला आराखड्यात रकाना नसतो. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला. कुंपण घातलेल्या त्या रस्त्यावर पादचाऱ्याला बंदी आहे आणि त्या वेगाला ती हवीच. गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीला जोडण्यासाठी योजलेल्या शक्तिपीठ महामार्गाचा आरंभ पवनारपासून धरला होता, ही गोष्ट विनोबांनी मिस्कीलपणे ऐकली असती. महामार्ग नकोत असे येथे म्हणायचे नाही. मात्र त्यांनी तोडलेल्या लहान वाटांचा हिशेब कोणी ठेवतो काय?

इंग्लंडात 1932 मध्ये किंडर स्काउट नावाच्या माळरानावर गिरणी कामगार आणि तरुण जमीनदारांची बंदी मोडून चालत गेले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 च्या कायद्याने तिथल्या पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर आले. आपल्याकडे असा सत्याग्रह करण्याचीही गरज नाही. आपल्या जुन्या गावनकाशांत पाऊलमार्ग तुटक रेषेने दाखवलेले आढळतात. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि 1966 ची जमीन महसूल संहिता, दोहोंत शेतवाटेसाठी तहसीलदाराकडे दाद मागण्याची तरतूद आहे. 2021 मध्ये शासनाने पाणंद रस्त्यांची योजनाही आखली. परंतु या साऱ्यात विचार आहे तो शेतात जाणाऱ्या खातेदाराचा आणि त्याच्या ट्रॅक्टरचा. शेतकऱ्याची निकड मोठी आहे, त्याबद्दल दुमत नाही. तरीही टेकडीकडे, देवस्थानाकडे, नदीच्या घाटाकडे जाणारी सार्वजनिक पायवाट ही स्वतंत्र वस्तू म्हणून कुठेच नोंदलेली नाही, आणि जे नोंदलेले नाही ते नांगराखाली जाते.

जिल्हा परिषदेने हे काम मनावर घ्यावे. व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेबाहेरच्या दहा-बारा वाटा निवडाव्यात, वनखात्याच्या सल्ल्याने त्यांचे दिवस आणि वेळा ठरवाव्यात आणि ग्रामसभेच्या संमतीने त्या गावनकाशावर पुन्हा आखून घ्याव्यात. कुंपणातली वीज शोधून तोडण्याचे काम मात्र त्यांच्या आधी व्हावे. यात पैसा फारसा लागत नाही, म्हणूनच कदाचित ते कठीण आहे. तोवर शाळांना थांबण्याचे कारण नाही. येत्या महाशिवरात्रीला ढग्याचे यात्रेकरू कोणत्या बांधावरून निघून कोणत्या ओढ्यात उतरतात, हे जवळच्या एखाद्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी शिक्षकांबरोबर चालत जाऊन वहीत उतरवून घ्यावे आणि त्याची एक प्रत तलाठ्याच्या हाती द्यावी.