आधी साल, मग बाकीचं!

एक सोप्पा सवाल. ०६/०५ म्हणजे कोणती तारीख?

‘सहा मे, त्यात काय विचारायचं!’ ओके. मग ९/११ म्हणजे? इथे मात्र आपण सगळे बिनधास्त ११ सप्टेंबर म्हणतो. आणि २६/११ म्हटलं की २६ नोव्हेंबर! म्हणजे बॉस, तारखेचे दोन फॉरमॅट आपण एकाच डोक्यात आरामात सांभाळतोय. डोक्याला ते जमतं. चौघांत शेअर केलेल्या फोल्डरला नाही जमत.

फाइल शेअरिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये, नाहीतर निदान तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये, तारीख कशी दिसावी याचे पर्याय असतात. एक, आपला नेहमीचा : दिवस-महिना-साल. दुसरा अमेरिकन : महिना-दिवस-साल. आणि तिसरा, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही : साल-महिना-दिवस. २०२५-०५-०६. दिसायला एकदम रुक्ष, सरकारी पावतीवरच्या नंबरासारखा. पण आजची आपली बॅटिंग त्याच्याच बाजूने.

समजा, तुम्ही हिंजवडीत नोकरीला. दादा जालना जिल्ह्यात, अंबडला, मोसंबीची बाग बघतो. ताई लग्न होऊन न्यू जर्सीत. जमिनीचे कागद तिघांनाही लागतात, म्हणून एक फोल्डर केलाय. दादाने फेरफाराची नोटीस स्कॅन करून टाकली आणि फाइलला नाव दिलं ‘नोटीस ०६-०५’. त्याच्या मते ६ मे. ताईने तिकडे वाचलं ५ जून. फेरफारावर हरकत घ्यायला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते. ताईच्या हिशेबाने मुदत अजून सुरूच व्हायचीय, इकडे ती संपूनही गेली! चूक कुणाची? दादा त्याच्या जागी बरोबर, ताई तिच्या जागी बरोबर. आणि भावा-बहिणीत एकदा ‘तू मला मुद्दाम सांगितलं नाहीस’ सुरू झालं की ते कुठल्याही सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येत नाही.

असं क्वचितच होत असेल, असं वाटतं ना? जरा गणित मांडू. तारीख १३ किंवा पुढची असेल तर घोळ नाही, कारण तेरावा महिनाच नसतो. घोळ फक्त १ ते १२ तारखांचा. बारा महिन्यांच्या बारा-बारा, म्हणजे १४४. त्यातून ०१/०१, ०२/०२ अशा बारा सारख्या तारखा वजा करा. उरल्या १३२. वर्षातले १३२ दिवस, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त वर्ष, दोन अर्थांचं! खुद्द जालना जिल्ह्याचा वाढदिवसही त्यात सापडतो. जिल्हा झाला १ मे १९८१ला. ०१/०५/१९८१ असं लिहून न्यू जर्सीला पाठवा, तिकडे केक ५ जानेवारीला कापतील.

तसा तारखांचा गोंधळ जालन्याला नवा नाही. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. महसुली दफ्तरात साल चालायचं फसली. आजोबांच्या पेटीतल्या कागदावर १३५७ फसली दिसलं तर दचकू नका, तो शिवकाळाच्याही आधीचा कागद नाही! फसलीत ५९० मिळवा, की इसवी सन येतो १९४७. साल जानेवारीत सुरू होत नसल्यामुळे कधी ५९१ मिळवावे लागतात, एवढंच. अशा घरात एकाच फोल्डरमध्ये फसली, इसवी आणि कुंडल्यांमुळे शके अशी तिन्ही सालं सुखाने नांदतात. त्यात आणखी दिवस आधी की महिना आधी हा वाद कशाला?

‘पण हे साल आधी लिहिणं म्हणजे फॉरेनचं फॅड!’ थांबा, इथेच खरी गंमत आहे. हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे हे खरं. आयएसओ ८६०१ त्याचं नाव, १९८८ साली आलं. पण शिवराज्याभिषेकाची तिथी कशी सांगतात? शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. आधी साल, मग महिना, मग पक्ष, शेवटी तिथी. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात तोही असाच : युग, शक, संवत्सर, ऋतू, मास करत करत आजच्या तिथीवर उतरतात. मोठ्याकडून छोट्याकडे. म्हणजे तो रुक्ष तिसरा पर्याय आपल्याच आजीच्या पंचांगाचा चुलतभाऊ निघाला की राव!

आता कॉम्प्युटरची बाजू. फाइली नावाप्रमाणे लावल्या की तो डावीकडून एकेक अक्षर वाचत जातो. दिवस आधी असेल तर ‘०१-१२-२०१९’ वर आणि ‘०२-०३-२०११’ त्याच्या खाली. आठ वर्षं उलटीपालटी. साल आधी असेल तर आपोआप सगळे कागद ओळीने उभे. आणि ही ट्रिक तुमच्या खिशात आधीपासून आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपने सेव्ह केलेल्या फोटोचं नाव बघा : त्यात २०२५०५०६ असाच आकडा असतो.

तारखेच्या बाबतीत सॉफ्टवेअरवर डोळे झाकून भरवसा मात्र नको. एक्सेलच्या साध्या रकान्यात ७/१२ टाइप करा. आपल्या सेटिंगमध्ये तो सातबाऱ्याचा ७ डिसेंबर करून ठेवतो, अमेरिकन सेटिंगमध्ये १२ जुलै! हसू नका. याच सवयीपायी शास्त्रज्ञांना २०२०मध्ये माणसाच्या काही जनुकांची नावं बदलावी लागली, कारण ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट १’ या जनुकांच्या एक्सेल तारखा करत होता. ही आपोआप होणारी बदलाबदली बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३मध्ये.

तर, करायचं काय?

पहिलं, सेटिंग्जमध्ये जाऊन साल-महिना-दिवस निवडा. विंडोजमध्ये ‘रीजन’मध्ये शॉर्ट डेटच्या यादीत तो पर्याय मिळेल. पण लक्षात ठेवा, सेटिंग म्हणजे तुमचा चष्मा. त्याने फक्त तुम्हाला नीट दिसतं, ताईला नाही.

म्हणून दुसरं आणि जास्त महत्त्वाचं : तारीख फाइलच्या नावातच घाला. ‘२०२५-०५-०६ फेरफार नोटीस’. नाव फाइलबरोबर सगळीकडे जातं. आकडे इंग्रजी ठेवा, एकअंकी असेल तर आधी शून्य द्या, आणि तिरकी रेघ नको, विंडोज ती नावात घेतच नाही.

तिसरं, तारीख कागदावरची लिहा, स्कॅन केल्याची नाही. सॉफ्टवेअर दाखवतं ती बहुतेक वेळा फाइल शेवटची बदलल्याची किंवा अपलोड केल्याची तारीख. १९८१चा कागद तुम्ही रविवारी स्कॅन केलात, तर त्याच्या लेखी तो रविवारीच जन्मला.

चौथं, जुन्या सगळ्या फाइलींची नावं एका रात्रीत बदलायला बसू नका. दोन दिवसांत कंटाळा येईल. आजपासूनच्या नव्या फाइलींना नवा नियम, एवढं पुरे. आणि दादाला फोन करून हा नियम सांगा, कारण तिघांपैकी एकाने पाळलेला नियम हा नियम नसतो.

लंच ब्रेकमध्ये दहा मिनिटं काढा. जिची मुदत अजून संपायची आहे, त्या फाइलपासूनच सुरुवात करा.