स्वस्त काडतूस आणि उधारीचा गंज

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा विषय निघाला. बाराशेच्या वर परवाने असल्याचं बाहेर आलं, पुढे अनेक रद्दही झाले. त्यावर सगळे बोलून झालेत. मला आज बंदुकीच्या राजकारणावर नाही, तिच्या नळीतल्या मिठावर लिहायचं आहे. हसू नका, मीठच म्हणतोय :-)

निमित्त असं की आमचा अंबाजोगाईचा एक मित्र टेक्सासात असतो. त्याने जुन्या लष्करी साठ्यातली युगोस्लाव्ह काडतुसं पेटीने घेतली आणि फोनवर वर मलाच ऐकवलं, "अरे, ही करोझिव्ह वगैरे भानगड म्हातार्‍यांची आहे. मॉडर्न सेमी-ऑटो रायफलला काही होत नाही." त्याच्यासारखंच म्हणणारे इथेही भेटतात, म्हणून हा प्रपंच.

आधी मुळात काय होतं ते बघू. जुन्या काडतुसाच्या टोपीत (प्रायमर म्हणा) पोटॅशियम क्लोरेट असतं. ते पेटताना ऑक्सिजन देतं आणि मागे पोटॅशियम क्लोराईड ठेवून जातं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. हे मीठ गोळीमागून वायूबरोबर पसरतं. वायू जिथे जिथे जाईल, तिथे तिथे मीठ. हे एवढं वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद त्यावरच आहे.

आता एकेक समज घेऊ.

१) "तेल मारलं की झालं." नाही झालं. हे मीठ २० अंश तापमानाला १०० मिली पाण्यात ३४ ग्रॅम विरघळतं आणि तेलात विरघळत नाही. तेल मारणं म्हणजे मिठावर पांघरूण घालणं. थ्री नॉट थ्रीच्या काळातले शिपाई शिकलेले नसतील, पण नळीत नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचं, मग पुलथ्रूने चिंधी फिरवून कोरडं करायचं आणि शेवटी तेल, हा क्रम त्यांना पाठ होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा (स्थापना १८६९) 'केएफ' शिक्का असलेली थ्री नॉट थ्रीची काडतुसं परदेशातले जुन्या रायफलींचे शौकीन आजही ओळखतात, आणि वापरली की पाण्याने धुवा असंच एकमेकांना सांगतात.

२) "आमच्याकडे हवा कोरडी आहे." बीडचा मे महिना कोरडा, मान्य. म्हणूनच तर माणूस फसतो. उन्हाळ्यात चालवलेली रायफल आठवडाभर चकचकीत दिसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पातळ होतं. क्लोराईड लागलेलं लोखंड त्याच्या आधीही गंजायला लागतं. मृगाचा पाऊस झाला की मराठवाड्यातल्या रात्रीही तेवढ्या दमट होतात. गंज उधारीवर मिळतो, वसुली जूनमध्ये.

३) "नळीला आतून क्रोम आहे." असेल. कलाश्निकोव्हच्या नळीला क्रोम दिलं, कारण सोव्हिएत काडतुसं करोझिव्ह होती, हे त्या डिझायनरांना ठाऊक होतं. पण युगोस्लाव्हियाने आपल्या रायफलींना क्रोम दिलं नाही, आणि त्यांची काडतुसं मात्र तशीच होती! शिवाय क्रोम फक्त नळीत असतं. सेमी-ऑटो रायफल वायूवर चालते. एआर-१५ मध्ये तोच वायू एका बारीक नळकांडीतून थेट बोल्टच्या घरात येतो. तिथल्या खाचा, रिंगा, स्प्रिंगा कोण धुणार? ती नळकांडी आतून कोरडी कशी करणार? बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये धुवायची मुख्यतः एक सरळ नळी आणि बोल्टचं तोंड. इथे अख्खं स्वयंपाकघर.

अमेरिकी लष्कराला हे दुसर्‍या महायुद्धातच कळलं होतं. एम-१ कार्बाईनची वायुयंत्रणा शिपायाला सहज उघडता येण्यासारखी नव्हती, म्हणून तिची काडतुसं पहिल्यापासून करोझिव्ह नसलेली केली. बाकीच्या रायफलींना तोच न्याय मिळायला १९५० चं दशक उजाडलं. म्हणजे "मॉडर्न आहे म्हणून चालेल" हा तर्कच उलटा आहे. मॉडर्न आहे म्हणून जास्त सांभाळायला हवं.

मग लोक हट्ट का धरतात? कारण काडतुसाची किंमत बिलावर दिसते, धुण्याचे दोन तास दिसत नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. आज घाईत कोड टाकायचा, त्रास पुढच्या माणसाला. मित्राचं ठीक आहे. रायफल त्याची, रविवार त्याचा, गंजही त्याचाच.

खात्याचं तसं नसतं. आपल्याकडे साध्या परवान्यावर सेमी-ऑटो रायफल मिळत नाही, पण पोलिसांची एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, सेमी-ऑटोच आहे. तिच्यात थ्री नॉट थ्रीचं काडतूस बसत नाही, हे खरं. पण 'जुना साठा स्वस्तात सरावाला वापरा' ही कल्पना कुठल्याही हिशोबनीसाला सुचू शकते, कारण सरावाला दारूगोळा कमी पडणं ही जुनी रड आहे. २६/११ नंतर राम प्रधान समितीनेही त्याकडे बोट दाखवलं होतं. त्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर थ्री नॉट थ्री आणि लाठ्या घेतलेले पोलीस होते, हे आपण विसरू नये. सराव वाढलाच पाहिजे. पण बचत कागदावर वरच्याची आणि घासणं खालच्या शिपायाचं, आणि ऐनवेळी गॅस पिस्टन अडकला तर जीवही त्याचाच, हा हिशोब मला मान्य नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. करोझिव्ह काडतूस बोल्टच्या जुन्या रायफलीत खुशाल वापरा आणि त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा. सेमी-ऑटोत वापरू नका. वापरायचीच असतील, तर पेटीवर ठळक लिहा, धुण्याचा वेळ ड्यूटीत धरा आणि तो खर्च काडतुसाच्या किमतीत मिळवा. मग सांगा स्वस्त आहे का ते.

पटत नसेल तर दोन खिळे घ्या. दोन्ही मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा. एकावर नुसतं तेल चोळा. दुसरा गरम पाण्याने धुऊन, पुसून, मग तेल लावा. दोन्ही जुलैभर खिडकीत ठेवा आणि ऑगस्टमध्ये माझ्याशी भांडायला या.