लामिन सान्नेह : अनुवादाने सत्ता कोणाच्या हाती जाते?

१/ मिशनरी म्हटला की एक ठरावीक चित्र उभे राहते : हातात बायबल आणि पाठीशी साम्राज्याची तोफ. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. ते अपुरेपण ज्या प्राध्यापकाने साधार दाखवले, तो स्वतः एका ब्रिटिश वसाहतीत, मुस्लिम घरात जन्मलेला आफ्रिकी होता.

२/ लामिन सान्नेह. जन्म १९४२, गांबिया. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मात्र इस्लामी इतिहासात घेतली. पश्चिम आफ्रिकेतील शांततावादी मुस्लिम धर्मपंडितांवर त्यांनी आदराने लिहिले. १९८९ पासून २०१९ मधील निधनापर्यंत ते येलच्या धर्मशास्त्र विद्यालयात मिशन व जागतिक ख्रिस्ती धर्म या विषयाचे प्राध्यापक होते.

३/ 'ट्रान्सलेटिंग द मेसेज' हा त्यांचा ग्रंथ १९८९ चा. त्यातील सूत्र असे : येशू अरामी बोलत, शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये लिहिली गेली. म्हणजे हा धर्म आरंभापासूनच अनुवादावर उभा आहे. इस्लामने नमाजातील कुराणपठण अरबीतच राखले. ख्रिस्ती धर्माने संस्थापकाची भाषाच मागे सोडली.

४/ म्हणून मिशनऱ्याला लोकभाषा शिकावी लागली, व्याकरणे आणि कोश रचावे लागले, देवासाठीही अनेकदा स्थानिक शब्दच घ्यावा लागला. गुरू होण्यासाठी आलेला आधी शिष्य झाला. हेतू धर्मांतराचा होता. पण शब्दांचा अर्थ ठरवण्याचा अधिकार त्या भाषेच्या लोकांकडे गेला.

५/ उदाहरण सॅम्युअल अजायी क्राउदर यांचे. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या योरुबा मुलाची १८२२ मध्ये ब्रिटिश नौदलाने सुटका केली. पुढे त्यांनी योरुबा व्याकरण लिहिले, बायबलच्या अनुवादात मोठा वाटा उचलला आणि १८६४ मध्ये ते बिशप झाले.

६/ पण इथेच सान्नेह यांच्या सिद्धांताची मर्यादाही दिसते. वार्धक्यात याच क्राउदर यांना तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी अपमानित करून बाजूला सारले. १८९१ मध्ये ते वारले आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप आला. भाषेवर विश्वास होता, भाषकावर नव्हता. सान्नेह यांच्या तराजूत भाषेचे पारडे जड आहे, संस्थेचे हलके.

७/ अनुवाद भाषेला बांधूनही टाकतो. १९१३ च्या इग्बो बायबलसाठी अनेक बोलींचे मिश्रण करून एक भाषा घडवण्यात आली. ती कोणाच्याच घरची नव्हती. चिनुआ अचेबे यांनी तिच्यावर कठोर टीका केली.

८/ मराठीतही हे सूत्र तपासता येते. फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' ओवीत रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्यानंतर तीन शतकांनी पंडिता रमाबाईंना प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आणि सामान्य स्त्रियांना दुर्बोध वाटले. त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी स्वतःच नवा अनुवाद केला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

९/ सान्नेह यांचे सूत्र सर्वांत खरे ठरते ते अशा ठिकाणी : जिथे घेणारा देणाऱ्याचे काम तपासतो आणि पुन्हा करतो. त्यामुळे मिशनऱ्यांचा इतिहास लिहिताना हेतू आणि परिणाम यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडावेत. कोशामुळे तोफ माफ होत नाही. तोफेमुळे कोश खोटा ठरत नाही.